यंत्रांची वंशावळ : मिंडनच्या संग्रहालयाचे एक वाचन

वस्तुसंग्रहालय हे ग्रंथाप्रमाणेच वाचावयाचे असते, असे म्हटले तर ती केवळ आलंकारिक भाषा समजू नये. ग्रंथात शब्द असतात, येथे वस्तू असतात. ग्रंथाला लेखक असतो, येथे संग्राहक असतो. काय घ्यावे, काय गाळावे, कशाच्या पुढे काय ठेवावे, हे निर्णय दोघांनाही घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांतूनच अर्थ उभा राहतो. असे असूनही आपण ग्रंथाची समीक्षा लिहितो आणि संग्रहालयाचे मात्र प्रवासवर्णन लिहितो. अमुक पाहिले, तमुक पाहिले, थक्क झालो, एवढ्यावर आपली लेखणी थांबते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मिंडन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील जुन्या मोटारींचे व ट्रॅक्टरांचे संग्रहालय पाहण्याचा योग मला आला. त्या संग्रहालयाकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय दूरदेशीचा आहे खरा. परंतु या त्रैमासिकाचे बरेचसे वाचक शेतावर वाढलेले आहेत आणि त्यांची मुले शेतापासून दूर गेलेली आहेत. त्यामुळे हे वाचन त्यांना परके वाटू नये.

मिंडनची लोकसंख्या जेमतेम तीन हजार. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. अशा ठिकाणी १९५३ साली 'पायोनियर व्हिलेज' हे संग्रहालय सुरू झाले. त्याचा कर्ता हॅरॉल्ड वॉर्प हा नॉर्वेहून आलेल्या शेतकरी आईबापांच्या बारा अपत्यांतील धाकटा. बालपणीच पोरका झालेल्या या मुलाने कोंबड्यांच्या खुराड्यांच्या खिडक्यांसाठी काचेऐवजी वापरता येईल असे एक पारदर्शक आवरण शोधून काढले, १९२४ साली शिकागो गाठले आणि प्लास्टिकच्या धंद्यात संपत्ती मिळवली. १९४८ साली त्याच्या कानी आले की, ज्या एकखोली शाळेत आपण शिकलो ती लिलावात निघाली आहे. त्याने ती शाळा विकत घेतली आणि त्या खरेदीतून पुढे हे सारे संग्रहालय वाढले. वॉर्प १९९४ साली निवर्तला. एका पोरक्या मुलाने आपली शाळा वाचवली, हे या संग्रहालयाचे मूळ आहे. त्या मुळाकडे आपल्याला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आवाराचा विस्तार मोठा आहे. मध्ये गोलाकार हिरवळ आणि तिच्या भोवती इमारती : गवताच्या मुळांनी विणलेल्या मातीच्या ढेपळांचे घर, किराणा दुकान, रेल्वे स्थानक, ती शाळा आणि लूथरन पंथीयांचे एक जुने चर्च. एकूण वस्तू पन्नास हजार, त्यांत मोटारी साडेतीनशे आणि ट्रॅक्टर शंभर, असा संग्रहालयाचा हिशेब आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांत जुनी मोटार आरशासारखी चकचकीत करून, दिव्यांच्या झोतात, राजघराण्यातील वधूसारखी उभी करतात. येथे तसे नाही. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये गाड्या एकीला एक लागून उभ्या आहेत. काहींवर धूळ आहे, काहींच्या गाद्यांचे चामडे फाटले आहे. मला हे दैन्य वाटले नाही. ज्या वस्तूंनी आयुष्यभर काम केले त्यांच्या अंगावर कामाच्या खुणा असणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. चाकाच्या लोखंडी दात्यांना लागलेला गंज आणि असंख्य हातांनी गुळगुळीत झालेला हँडलचा दांडा यांतून जे कळते, ते नव्या रंगाच्या थराखाली झाकले गेले असते. या संग्रहालयाच्या गुणांची नोंद करताना हा गुण प्रथम सांगितला पाहिजे.

सेमिनरीत पवित्र शास्त्राचे अध्ययन करताना आम्हाला कोणत्याही उताऱ्याला तीन प्रश्न विचारायला शिकवले जाई. हा पाठ कोठून सुरू होतो? त्यातील क्रम कोणी व का लावला? आणि तो कोठे गप्प राहतो? हेच तीन प्रश्न मी मिंडनच्या संग्रहालयाला विचारणार आहे.

पहिला प्रश्न आरंभाचा. येथील मांडणी १८३० सालापासून मानवाच्या प्रगतीची कथा सांगते. त्या काळापासून यंत्रयुगाचा वेग वाढला, हे खरे आहे. जॉन डीअर या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर केला तो १८३७ साली. त्या प्रदेशाची काळी चिकण माती लोखंडी फाळाला चिकटून बसे. गुळगुळीत पोलादावरून ती आपोआप घसरू लागली. परंतु कथेचा आरंभ जेथे करावा तेथून तिचा नायक ठरतो. मिंडनच्या परिसरात त्यापूर्वी पॉनी जमातीचे लोक राहत. त्यांच्या स्त्रिया नदीकाठच्या मऊ जमिनीत गव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळ करून मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांचे तुकडे मिळू लागले आणि १८७० च्या दशकात पॉनी लोकांना नेब्रास्का सोडून दक्षिणेकडील राखीव प्रदेशात जावे लागले. १८३० पासून प्रगती मोजली की हे लोक कथेतून बाद होत नाहीत, पण ते प्रस्तावनेत जातात. आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही.

आरंभाची निवड वेगळी असू शकते, याचे उदाहरण शेजारच्याच आयोवा राज्यात आहे. तेथे १९७० साली स्थापन झालेल्या 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स' या संस्थेत वेगवेगळ्या काळांतील शेते प्रत्यक्ष कसली जातात, आणि त्यांतील पहिले शेत १७०० सालच्या आयोवे आदिवासींचे आहे. आपल्या वाचकांना या जागेचे नाव आणखी एका कारणाने परिचित असेल. एका शेतकऱ्याने पाठवलेल्या साध्या पत्राचा मान राखून संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑक्टोबर १९७९ रोजी याच शेतांवर मिस्सा अर्पण केला आणि जमीन ही पुढील पिढ्यांसाठी राखावयाची ठेव आहे, असे आवाहन केले. शेतीच्या संग्रहालयाचा आरंभ कोठे करावा, हा प्रश्न म्हणजे त्या ठेवीचे मालक कोण कोण होते, हे विचारण्यासारखेच आहे.

दुसरा प्रश्न क्रमाचा. वॉर्पचा आग्रह असा की, प्रत्येक वस्तू तिच्या वर्षानुसार मांडावी. त्यामुळे प्रेक्षक चालत जातो तसतसा काळ पुढे सरकतो. ही शिस्त अभ्यासकाला उपकारक आहे. वेगवेगळ्या दालनांत विखुरलेल्या वस्तूंपेक्षा अशा ओळीतून पुष्कळ अधिक शिकता येते. उदाहरणार्थ, फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. तिची किंमत आरंभी ८५० डॉलर होती. ती १९२५ च्या सुमारास तीनशेच्याही खाली आली. शेतकऱ्याने ही गाडी केवळ बसण्यासाठी घेतली नाही. मागचे चाक उचलून धरायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापण्याची करवत किंवा पाण्याचा पंप चालवायचा, असे तिचे दुहेरी आयुष्य होते. मग १९१७ चा फोर्डसन ट्रॅक्टर : लहान, स्वस्त, १९२२ साली ३९५ डॉलरला मिळणारा, परंतु पुढून उचलला जाऊन चालकावर उलटण्याबद्दल कुप्रसिद्ध. तो जमिनीला इतका लगटून चाले की नांगरणी झाल्यावर उभ्या पिकातील कोळपणीला त्याचा उपयोग नसे. त्यासाठी घोडे ठेवावेच लागत. १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 'फार्मऑल' बाजारात आणला. पोट उंच, पुढची चाके जवळ जवळ आणलेली. तो दोन सरींमधून चालू शके. नांगरणी, कोळपणी, मळणी, सारे एकाच यंत्रावर आले आणि घोड्याच्या हातचे शेवटचे काम गेले.

ओळीने पाहिल्यावरच हे नाट्य कळते. परंतु याच ओळीत एक धोका दडलेला आहे. संत मत्तयने शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ दिली आहे. अमुकाला तमुक झाला, असा तिचा एकसुरी ताल आहे. मात्र मत्तय त्या पुरुषांच्या ओळीत मध्येच तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना आणून उभे करतो आणि वाचकाला थांबवतो. वंशावळ सरळ आली नाही, तिच्यात विधवा आहेत, परकीय आहेत, अन्याय झालेले आहेत, हे तो लपवत नाही. मिंडनची वंशावळ अशी थांबत नाही. तिच्यात नांगरापासून नांगर होतो, मोटारीपासून मोटार होते, फोर्डसननंतर फार्मऑल येतो. यंत्र यंत्राला जन्म देते आणि ते चालवणारा, ते विकत घेण्यासाठी कर्ज काढणारा, ते आल्यामुळे गाव सोडणारा माणूस दोन यंत्रांमधल्या अरुंद फटीत पडतो.

येथून तिसरा प्रश्न, मौनाचा, सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक होती. त्यांच्या चाऱ्यासाठी सुमारे नऊ कोटी एकर जमीन लागत असे. घोडा आपले इंधन मालकाच्याच शेतात पिकवी, आपले खत त्याच शेतात टाकी आणि आपल्यामागे शिंगरू ठेवून जाई. ट्रॅक्टर यांपैकी काहीच करत नाही. त्याचे इंधन रोख पैशाने घ्यावे लागते आणि तो म्हातारा झाला की नवा घ्यायलाही रोख पैसाच लागतो. शिवाय चाऱ्याची ती कोट्यवधी एकर जमीन हळूहळू बाजारासाठी पिकू लागली, धान्य वाढले आणि भाव उतरण्यास जी अनेक कारणे झाली त्यांत या एका कारणाची भर पडली. भाव उतरल्यावर कर्जाचा हप्ता भरण्यासाठी आणखी जमीन कसावी लागे. ती जमीन शेजाऱ्याची असे. १९३५ साली अमेरिकेत ६८ लाख शेतकरी-घरे होती आणि सरासरी शेत १५५ एकरांचे होते. २०२२ च्या गणनेत शेतांची संख्या १९ लाख आणि सरासरी ४६३ एकर आहे. हा सारा बदल एकट्या ट्रॅक्टरने केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ट्रॅक्टरावाचून तो झाला नसता, हे निश्चित. शंभर ट्रॅक्टरांच्या त्या ओळीतून हा हिशेब प्रेक्षकाला मिळत नाही. तो बाहेरून माहीत असावा लागतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यंत्राला नावे ठेवून जुन्या कष्टांचे गोडवे गाणे हा पांढरपेशांचा आवडता छंद आहे. ज्याने पहाटे चारपासून घोडे जुंपले नाहीत, त्याने त्या पहाटेचे सौंदर्य वर्णू नये. या मुद्द्यावर मिंडनचे संग्रहालय आपल्याला चांगला धडा देते. तेथे पिढ्यापिढ्यांची स्वयंपाकघरे एकापुढे एक मांडली आहेत आणि माझ्या मते वर्षानुसार मांडणीचा खरा विजय येथे झाला आहे. चूल, मग लोखंडी शेगडी, मग हातपंप, मग नळ, मग विजेचा दिवा. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा १९३६ चा कायदा ज्यांनी पुढे रेटला ते सिनेटर जॉर्ज नॉरिस नेब्रास्काचेच. बादल्या वाहणाऱ्या बाईच्या खांद्यावरून काय उतरले, हे ती स्वयंपाकघरे एका शब्दाविना सांगतात. प्रगती हा शब्द तेथे खरा वाटतो. तो खरा वाटतो, कारण तेथे वस्तूंच्या ओळीत एक माणूस गृहीत धरलेला आहे. ट्रॅक्टरांच्या शेडमध्ये तो तसा गृहीत धरलेला नाही.

आता त्या शाळेकडे येऊ. बाके, फळा, शेगडी, सारे जागच्या जागी. मुले मात्र नाहीत. संग्रहालयातील शाळेत मुले नसावीत, यात नवल काय, असे कोणी म्हणेल. पण ती लिलावात का निघाली, हा प्रश्न विचारून पाहावा. १९२९-३० साली अमेरिकेत एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या आसपास होत्या. १९८० पर्यंत त्या हजाराहूनही कमी उरल्या. रस्ते झाले, मोटारबस आली आणि मोठ्या शाळा उभ्या राहिल्या, हे एक कारण. शेते मोठी झाली, घरे कमी झाली आणि बाके भरायला मुलेच उरली नाहीत, हे दुसरे. म्हणजे ज्या मोटारी आणि जे ट्रॅक्टर पलीकडच्या शेडमध्ये गौरवाने उभे आहेत, त्यांनीच ही शाळा रिकामी केली. वॉर्पने शाळा प्रेमाने वाचवली आणि तिच्या शेजारी ती बंद पाडणारी यंत्रेही तितक्याच प्रेमाने गोळा केली. या दोहोंतील नाते सांगणारे एक वाक्य जर भिंतीवर असते, तर हे संग्रहालय अमेरिकेच्या ग्रामीण जीवनावरील एक थोर ग्रंथ ठरले असते. ते वाक्य न लिहिल्यामुळे तो एक अतिशय समृद्ध कोश राहिला आहे. जवळच्या त्या छोट्या चर्चमध्येही हाच विचार मनात येतो. धर्मग्रामात काम करणाऱ्या माणसाला रिकामे बाक पाहिले की त्यांवर कोण बसत असेल, हे मोजण्याची सवय असते.

संग्रहालयाकडून एवढी अपेक्षा करावी काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर नेब्रास्कानेच देऊन ठेवले आहे. १९१० नंतरच्या दशकात ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने हेन्री फोर्डशी काडीचा संबंध नसताना फोर्ड हे नाव लावून ट्रॅक्टर विकले. पोक काउंटीतील विल्मॉट क्रोझियर या शेतकऱ्याने तो घेतला आणि तो फसला. दुसरा घेतला, तोही फारसा बरा निघाला नाही. तिसरा, रुमली कंपनीचा, मात्र दाव्यापेक्षा सरस निघाला. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि त्याच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला : ज्या नमुन्याची विद्यापीठात चाचणी झालेली नाही, असा नवा ट्रॅक्टर नेब्रास्कात विकता येणार नाही. १९२० पासून लिंकन येथे चाचण्या सुरू झाल्या. ट्रॅक्टरच्या मागे भार जोडायचा आणि तो प्रत्यक्ष किती ओढतो ते मोजायचे. जाहिरातीतील आकडा एका बाजूला आणि मोजलेली ओढ दुसऱ्या बाजूला. जुन्या चाचणीगृहाच्या इमारतीत आज त्याचेच एक छोटे संग्रहालय आहे. एका फसलेल्या शेतकऱ्याच्या संतापातून निर्माण झालेला हा कायदा मला नेब्रास्काच्या सर्व यंत्रांहून मोठा वाटतो. यंत्राच्या दाव्याला पुरावा मागण्याचा अधिकार सामान्य शेतकऱ्याला आहे, हे त्याने मान्य केले. मग 'प्रगती' हाही एक दावाच आहे. त्याच्या मागे माणसांचा भार जोडून तो किती ओढतो, हे मोजण्याची मागणी संग्रहालयाकडे करणे अवाजवी कसे ठरेल?

हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे, आणि तो फार लांबून आलेला नाही. मिंडनमध्ये ज्यांची गणना पुराणवस्तूंत होते त्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरांची एक शाखा आपल्या मातीत रुजली आहे. १९६३ साली या कंपनीशी भागीदारी करून महिंद्राने भारतात ट्रॅक्टरनिर्मितीचा पाया घातला. त्यातून आलेला 'बी-२७५' महाराष्ट्रातील कित्येक गावांनी पाहिलेला पहिला ट्रॅक्टर असेल. मूळ कंपनीने १९८५ साली शेतीयंत्रांचा व्यवसाय विकून टाकला. इकडची शाखा मात्र वाढत जाऊन विक्रीच्या संख्येत जगात अग्रेसर झाली. आपली गोष्ट अमेरिकेसारखीच होईल असे नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. येथे ट्रॅक्टर बहुधा तासाच्या भाड्याने येतो आणि बैल दावणीवरून मुकाट्याने नाहीसा होतो. पण मौनाचा रोग तोच आहे. तिफण हॉटेलच्या भिंतीवर टांगलेली दिसते, बैलगाडीचे चाक बंगल्याच्या फाटकाशी टेकवलेले असते, आणि धर्मग्रामाच्या महोत्सवात जुन्या वस्तूंचे दालन मांडून नांगर, कुळव, रहाटाची मडकी आणि जाते यांना झेंडूची माळ घालतात. हे उपक्रम स्तुत्य आहेत. मात्र त्यांखालच्या चिठ्ठीवर केवळ वस्तूचे नाव असते.

अशा दालनांच्या संयोजकांना माझी एक सूचना आहे. वस्तूच्या नावाखाली आणखी तीन ओळी लिहाव्यात : ही वस्तू शेवटची कोणी वापरली, तिच्या जागी काय आले, आणि त्यानंतर त्या घरात, त्या शेतात काय झाले. रहाट बंद पडल्यावर विहिरीच्या पाण्याचे काय झाले? जाते कोपऱ्यात गेले तेव्हा कोणाची पहाट मोकळी झाली? नांगर ठेवून दिला, ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे? काही उत्तरे आनंदाची असतील, काही अडचणीची. दोन्ही लिहावीत. म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर ही उत्तरे मिळण्याजोगी आहेत. वस्तू गंजतात त्याहून लवकर आठवणी गंजतात.

मिंडनचे संग्रहालय जरूर पाहावे. एका माणसाने आपल्या लहानपणाशी राखलेल्या इमानाचे ते स्मारक आहे आणि यंत्रांचा असा सलग अभ्यास करण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते. पण पाहताना ट्रॅक्टरांच्या शेडमधून सरळ बाहेर पडून गाडीत बसू नये. आधी शाळेत जाऊन एका बाकावर पाच मिनिटे बसावे आणि मग पुन्हा ट्रॅक्टर पाहावेत. वॉर्पने शाळा आधी घेतली आणि यंत्रे नंतर, हे त्या वेळी ध्यानात असले म्हणजे पुरे.